सरळ वर जाणारं विमान

१ एप्रिल, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्या माणसाने ती ठेवावी असं वाचलं आहे. कुणाला दाखवायची नाही. लिफ्टमधल्या माझ्या स्टुलाच्या खणात राहील, कारण घरात ठेवली तर ही आवरून टाकते.

काल जावयाचा फोन. लेकीला मुलगी झाली त्याला महिना होईल, आजी-आजोबांनी बघायला यावं. विमानाची दोन तिकिटंही काढून मोकळा. २६ तारीख, सकाळचं विमान. ही इतकी हरखली की चहात साखर दोनदा पडली. आम्ही दोघंही आजवर विमानात बसलेलो नाही.

मी शांतपणे सांगितलं, नातीला बघायला मी येणारच, पण दुसऱ्याने चालवलेल्या विमानात सामानासारखा बसणार नाही. माझं विमान मी करीन. का म्हणालो ते नक्की आठवत नाही, पण बोललो ते बोललो. ही 'बरं' म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. 'बरं' म्हणजे पटलं.

२ एप्रिल, दुपारी (लिफ्ट रिकामी)
माझी पात्रता लिहून ठेवतो. लिफ्टमन म्हणून सव्वीस वर्षं. सात मजले, दिवसाला सव्वाशे खेपा. गुणाकार केला तर मी आजवर सरळ वर अठरा हजार किलोमीटर गेलो आहे. एवढ्या उंचीवर कुठलाही पायलट पोचलेला नाही. खाली किती आलो ते धरलेलं नाही. गणवेश आहे, टोपी आहे. अपघात शून्य. (तिसऱ्या-चौथ्याच्या मधे दोन तास होतो तो अपघात नव्हे, मुक्काम.)

४ एप्रिल
विमानाचं चित्र पूर्ण. चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांना वर नेताना दाखवलं. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले आहेत. ते म्हणाले, हे पुढे कसं जाणार? मी म्हणालो, आधी वर, मग पुढचं पुढे. सव्वीस वर्षांत माझ्या लिफ्टमध्ये कुणीही 'जरा पुढे घ्या' म्हणालेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, मागे हे लोखंडी वजन कशाला टांगलंय? पूल बांधणाऱ्याला ते कसं कळणार. लिफ्ट वर जाते तेव्हा मागे तिच्या जोडीचं वजन खाली येतं, त्याला आम्ही काउंटरवेट म्हणतो. काही खाली आल्याशिवाय काही वर जात नाही. जगातले सगळे विमानवाले नेमकं हेच विसरले आणि म्हणून त्यांना एवढं इंधन लागतं.

साहेब तिसऱ्यालाच उतरले आणि एक मजला जिन्याने गेले. गुडघ्यांना व्यायाम सांगितला असेल.

६ एप्रिल
कारखाना सुरू. जागा: तळमजल्यावरची पंपाची खोली. वॉचमन म्हणाला, काका, गच्ची मोकळी आहे, वाराही आहे, तिथे करा की. त्याला म्हणालो, वाऱ्यानेच तर विमानं बिघडतात. त्याला पटलं नाही. शिक्षण कमी पडतं.

संकल्प: रोज दोन तास काम. आज खोली झाडली. थकलो.

९ एप्रिल
सांगाड्याला हलकी नळी हवी होती. घरातल्या पडद्यांच्या दांड्या अगदी मापाच्या निघाल्या. पंखांना ताडपत्री. पाठीला लिफ्टची जुनी खुर्ची.

संध्याकाळी घरी आलो तर ही पडद्यांना कपड्यांचे चिमटे लावून उभी. समोरच्या बाई आमच्या घरात बघत होत्या. पडदा नसला की लोकांचं कुतूहल वाढतं.

१२ एप्रिल, सकाळी ७.१५
पहिलं उड्डाण. उंची: स्टूल. पंख बांधून उभा राहिलो. हवामान पाहिलं. पंपाच्या खोलीतलं हवामान स्थिर होतं. उडी मारली. हवेत होतो यात शंका नाही. किती वेळ ते मोजायला वॉचमनला सांगितलं होतं, तर तो म्हणतो मी घड्याळाकडे बघेपर्यंत तुम्ही आलात पण.

१३ एप्रिल
आज जिन्याची तिसरी पायरी. चौथ्या पायरीवर जाऊन आलो, पण तिथून पोटात गोळा आला. सकाळचा पाव शिळा असणार. तिसरीच बरी.

डबा घेऊन ही आली तेव्हा मी पंखांसकट पायरीवर उभा होतो. तिने डबा कठड्यावर ठेवला आणि थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. पाय लटपटत होते, पण ते विमानाच्या वजनाने. नंतर लेकीला फोनवर सांगत होती की बाबांचं यायचं बघू. बघू कशाला? येणार म्हटलं ना.

१७ एप्रिल, सकाळी ११
मोठी चाचणी. सविस्तर लिहितो.

अंगणाकडच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीला इलेक्ट्रिशियनने कप्पी बसवून दिली. दोराच्या एका टोकाला विमान आणि मी. दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे वॉचमन. तो माझ्यापेक्षा भरतो जरा जास्तच, म्हणून त्याची निवड. बेत असा: तो गॅलरीतून सावकाश खाली येईल, मी वर जाईन, आणि एकदा वर स्थिरावलो की दोर सोडून पंखांवर.

तो उतरू लागला. मी उठलो. एक फूट. दोन फूट. चार फूट. जमीन दिसेनाशी झाली, कारण डोळे मिटले होते. एकाग्रतेला तेच बरं. मी कडेच्या दांड्या घट्ट धरून होतो. कुणीतरी 'खाली घ्या, खाली घ्या' असं ओरडत होतं. वॉचमन म्हणतो तो मीच. मला तसं वाटत नाही.

एवढ्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. वॉचमनचे पाय तोवर जमिनीला लागलेच होते. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. तो दोरातून बाहेर पडला आणि गेट उघडायला गेला.

१७ एप्रिल, दुपारी ४
विमान: डावा पंख गेला. मी: उजवा घोटा. ताडपत्री शाबूत.

निष्कर्ष: तत्त्व बरोबर होतं. काउंटरवेटने नोकरी करू नये.

२० एप्रिल
घोटा सुजलेला, स्टुलावर बसूनच लिफ्ट चालवतो. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, बरे आहात ना. बोलले गोड, पण बटण स्वतःच दाबलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाळ आता हसतं म्हणाली. हसतं म्हणजे काय, दीड महिन्याचं पोर, वाऱ्याने तोंड वाकडं होत असेल, असं मी म्हणालो. मग ती म्हणाली, बाबा, तुम्ही नाही आलात तर मी रागावणार नाही, मला फक्त वाईट वाटेल. रागावली असती तर सोपं होतं. मला त्या पोरीला बघायचं आहे. खरंच बघायचं आहे.

२१ एप्रिल
निर्णय. विमान कंपनीला एक संधी देतो. त्यांच्या विमानाचं आतून निरीक्षण होईल, काय चुकतं ते कळेल, मग माझ्या विमानात सुधारणा करता येतील. हिला सांगितलं. ती चक्क हसली आणि म्हणाली, घाई नाही, नीट विचार करा. विचार काय करायचा त्यात?

माझं विमान तात्पुरतं वॉचमनच्या स्कूटरवर घातलं आहे. झाकण म्हणून उत्तम बसतं.

२५ एप्रिल
सामान बांधून तयार. हिने बाळासाठी सात झबली शिवली आहेत, एक पिवळं, त्याला खिसाही आहे. एवढ्याशा मुलीला खिसा कशाला, म्हणालो, तर म्हणते, असावा.

पोट सकाळपासून पाच वेळा बिघडलं. पाणी बदललं असणार. घरचंच पाणी आहे, पण टाकी धुतली होती.

संकल्प: उद्या विमानात पायलटला त्रास द्यायचा नाही. त्याने विचारलं तरच सांगायचं.

२६ एप्रिल, सकाळी ९.५०, विमानतळाबाहेरचा बाक
झालं ते असं.

टॅक्सी खाली थांबली. विमानं वरच्या मजल्यावरून सुटतात, वर न्यायला लिफ्ट. मी हिला म्हणालो, चल, इथे तरी माझ्या हद्दीत आहोत. ती लिफ्ट काचेची होती. चारी बाजूंनी काच. आमची लिफ्ट चहूकडून लाकडाची बंद पेटी आहे, सव्वीस वर्षांत मी आतून फक्त आकडे बघितले. इथे दार मिटलं आणि टॅक्सी लहान होऊ लागली. टॅक्सीवाला लहान झाला. माणसांची डोकी दिसायला लागली.

मग मी लिफ्टच्या जमिनीवर बसलो होतो. हिची साडी मुठीत धरली होती. आत आणखी तीन माणसं होती, ती भली निघाली, दुसरीकडे बघत राहिली. लिफ्ट चालवायला कुणी नव्हतं, नाहीतर मी तक्रार केली असती.

दार उघडलं तरी मला उठता येईना. हिने मला धरून त्याच लिफ्टच्या शेजारच्या जिन्याने खाली आणलं, बाकावर बसवलं, पाणी पाजलं. विमानाला दीड तास होता. मी म्हणालो, मी रात्रीच्या बसने येतो. ती म्हणाली, मी पण तुमच्याबरोबर बसने येते. तिने आयुष्यात कधी विमान आतून बघितलेलं नाही. मी म्हणालो, नको. तू जा. खिडकीची जागा माग.

ती गेली. झबल्यांची पिशवी सांभाळत, दोनदा मागे बघत. मी हात हलवला.

२७ एप्रिल, संध्याकाळ, बसमध्ये
बावीस तास झाले, अजून नऊ. अक्षर खराब आहे ते रस्त्यामुळे. घाट लागला तेव्हा शेजारच्या माणसाशी जागा बदलून घेतली. खिडकीत ऊन फार लागतं म्हणालो. बाहेर ढग होते.

दुपारी हिचा फोन आला. विमान छान होतं, ढग वरून दिसले, पायलटचा आवाज ऐकू आला, सगळं सांगितलं. मी म्हणालो, मलाही बघायचं होतं पण घोटा दुखत होता. ती म्हणाली, "अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? तीस वर्षांत गच्चीवरचे कपडे काढायला एकदा तरी वर आलात का? मला केव्हापासून ठाऊक आहे. तुम्ही कधी सांगता एवढंच बघत होते."

मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. येत होता.

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. लिफ्टमनची नोकरी घेतली ती आत खिडकी नव्हती म्हणून. लिहिलं. अक्षर अजून खराबच आहे, पण रस्ता आता सरळ आहे.

मग ती म्हणाली, बाळ गोड आहे, पण एक खोड आहे. जावई कौतुकाने तिला उचलून डोक्यावर धरतो, की ती किंचाळते आणि त्याची कॉलर सोडत नाही. खाली ठेवलं की गप्प. घरात सगळ्यांना कोडं पडलंय कुणावर गेली म्हणून. हिने काही सांगितलं नाही म्हणे.

पोचल्यावर आधी जावयाला बजावायचं, तिला वर उचलू नको. सतरंजीवर ठेव. मी बसतो तिच्याजवळ.