नाकाचं खोटं

आई, आज मला पेट्रोलचा वास आला.

तू म्हणशील, साठीला टेकलेली बाई, रबराचा कारखाना चालवते आणि पेट्रोलच्या वासाचं पत्र लिहायला बसते. पण ऐक तर खरं. पाच वर्षांपूर्वी एका तापात माझा वास गेला. ताप आठ दिवसांत उतरला, अंगातली कणकण पंधरा दिवसांत गेली, वास मात्र गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कुणाला येतो, कुणाला नाही. मी रोज सकाळी कॉफीच्या डब्यात नाक खुपसून उभी राहायचे आणि काही म्हणजे काही नाही. फोडणी करपली तर डोळे चुरचुरल्यावर कळायचं. तुझी पणती झाली तेव्हा सगळ्या बायका तिच्या टाळूला नाक लावून डोळे मिटत होत्या. मीही मिटले, आपण मागे कशाला राहा. आता ती चार वर्षांची आहे आणि तिचा वास कसा असतो ते मला आज कळलं. आज, आई, दुपारी बारा वाजता, गाडीत. खोबरेल तेल, घाम आणि त्या नारिंगी लाइफ जॅकेटचा कुबट दर्प. मी तिला इतकी हुंगली की ती म्हणाली, आजी, तू कुत्रा आहेस का.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील नेहमीप्रमाणे शेपटाकडून सुरू केलंस. मी बोट घेतली आहे. हसू नकोस. मोठी नाही, पाच-सहा माणसांची, पेट्रोलवर चालणारी, सेकंडहँड. बाबांची बदली आवडी नावाच्या गावातल्या फॅक्टरीत झाली आणि आपण मद्रासला आलो, त्या पहिल्या रविवारी बाबा आपल्याला मरीना बीचवर घेऊन गेले होते. तू साडी घोट्यापर्यंत उचलून पाण्यात उभी होतीस आणि म्हणालीस, एवढं पाणी आहे आणि आपण नुसते काठावर. मी ते विसरले नाही बघ. महाबलीपुरमच्या रस्त्याला मुट्टुकाडूच्या खाडीवर ओळखीच्या एकांचा बंगला आहे, त्यांचा स्वतःचा लाकडी धक्का आहे, तिथे ती बांधलेली असते. तुझ्या जावयांना बोट लागते, ते अण्णा नगरला घरी बसून पेपर वाचतात. मी आणि लेक जातो, दर दुसऱ्या रविवारी, आणि हल्ली नातही.

धक्क्यावर पेट्रोलचा पंप वगैरे नसतो. रस्त्यावरच्या बंकातून, इकडे पेट्रोल पंपाला बंक म्हणतात, लोखंडी कॅन भरून आणायचे आणि बोटीच्या टाकीत ओतायचे. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही, कारण हे तुझं काम आहे. आवडीच्या क्वार्टरमध्ये तू स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचीस ना, अगदी तसंच. स्टोव्ह गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मागच्या व्हरांड्यात न्यायचा. पाऊण टाकी, वर एक थेंब नाही. सांडलेलं पुसायचं, फडकं बाहेर वाळत टाकायचं, मग वाकून वास घ्यायचा. आणि काडेपेटी या सगळ्या वेळात घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात. भरणाऱ्याकडे काडी नाही आणि काडीवाल्याने भरायचं नाही, हा तुझा कायदा. बाबा बिचारे दाढी अर्धवट टाकून काडेपेटी मुठीत धरून बाहेरच्या खोलीत बसून राहायचे, तू आतून "नाही वास" म्हणेपर्यंत. शेजारच्या बायका हसायच्या. तू म्हणायचीस, हसू देत, त्यांच्या भुवया त्यांच्याकडे.

बोटीलाही मी तोच कायदा लावला. आधी सगळ्यांनी उतरून धक्क्यावर यायचं, मोबाइलसुद्धा तिकडेच. मग मी एकटी आत. तू मला लग्नात दिलेलं ते जाळीचं पितळी नरसाळं टाकीच्या तोंडाला टेकवून बारीक धारेने ओतायचं. (सासरच्यांनी रुखवतात ते बघून तोंडं वाकडी केली होती, तुला आठवत असेल. चांदीची वाटी गेली कुठल्या कुठे, नरसाळं अजून आहे.) ओतून झालं की इंजिनाच्या पेटीचं झाकण उघडायचं, कारण पेट्रोलची वाफ जड, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळात जाऊन बसते. वाकून वास घ्यायचा. नाही वास म्हटलं की मगच तळातली हवा बाहेर काढणारा पंखा, मगच किल्ली. आणि किल्ली दुसऱ्याकडे. ती धरतात धक्का सांभाळणारे म्हातारे, मी त्यांना अण्णे म्हणते. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण तपकीर ओढून ओढून त्यांचं नाक कामातून गेलेलं. लेक नातीला घेऊन लांब उभी, तेव्हा वास घेणारं नाक एकच, माझं. ते लांबून विचारतात, "वासनै इरुक्का, अम्मा?" म्हणजे वास आहे का. मी म्हणते, "इल्ले, अण्णे." नाही. आणि ते किल्ली देतात.

आता तुझ्या लक्षात आलंच असेल. दोन वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, ज्या बाईला कापूर आणि कांदा यांत फरक कळत नव्हता ती पेटीत वाकून, चांगलं दोनदा नाक ओढून, "इल्ले" म्हणत होती.

कारण मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की वास परत आला. गिंडीच्या माझ्या युनिटमध्ये आम्ही इंजिनांचे रबरी सील आणि होज, म्हणजे नळ्या, बनवतो. रबर भट्टीत जास्त शिजलं की कमी, हे मी दारातून सांगायचे. जुने कारागीर नवीन माणसांना माझं नाक दाखवायचे. ते नाक मेलं हे कसं सांगू? घरी लेक दर दोन दिवसांनी लिंबू नाहीतर लवंग आणून नाकाखाली धरायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. तिचा तो चेहरा मला बघवेना. एक दिवस म्हटलं, हो गं, आला की, लवंग. ती इतकी खूश झाली की तिने रडत रडत मला मिठी मारली. मग ते मागे कसं घेणार? आणि बोट घेतल्यावर मीच हौसेने अण्णेंना सांगितलं होतं की माझ्या आईचं नाक असं होतं, गल्लीच्या टोकावरून सांगायची कुणाकडे दूध उतू गेलं. ते नाक माझ्याकडे आलंय, असंही मीच म्हणून बसले. नाकाने कांदे सोलायची सवय, दुसरं काय.

तुला ती सकाळ आठवते का? मी तेरा वर्षांची आहे, खाली मैत्रीण थांबली आहे, आम्हाला प्रदर्शनाला जायचंय आणि तू म्हणतेस, आधी स्टोव्ह भरून दे. मी घाईघाईने भरते, थोडं खालच्या ताटलीत सांडतं, मी बघतसुद्धा नाही. तू विचारतेस, वास घेतलास? मी चपला घालता घालता म्हणते, हो, काही नाही. बाबा काडेपेटी आणून देतात. तू काडी ओढतेस आणि भक्कन आवाज होतो. बाबांनी ओलं पोतं टाकून विझवलं, पण तुझी डावी भुवई आणि कपाळावरचे केस गेले. तू आरशासमोर गेलीस, नीट बघितलंस, परत आलीस. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. तू म्हणालीस, "नाही घेतला तर नाही घेतला म्हणायचं. बाकी काय खोटं बोलायचं ते बोल, नाकाचं खोटं बोलायचं नाही. त्याच्या भरवशावर दुसरा माणूस काडी ओढतो." आणि मग त्याच संध्याकाळी काजळाने भुवई काढून हळदीकुंकवाला गेलीस. तीही वाकडी काढलीस.

तर आजची सकाळ. लख्ख ऊन, खाडी शांत, नात नारिंगी जॅकेटमध्ये बोहल्यावर चढल्यासारखी मिरवतेय. आज किल्ली माझ्याकडे, असा तिचा हट्ट. अण्णेंनी दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातली. मी दोन कॅन ओतले, नरसाळं पुसलं, फडकं धक्क्यावर टाकलं, झाकण उघडलं आणि नेहमीचं नाटक करायला वाकले.

आणि आई, वास आला. आधी काय ते कळेचना, नाकात काहीतरी टोचल्यासारखं, थंड, गोडसर. मग एकदम ओळख पटली. पेट्रोल! सबंध, भरभरून, लहानपणी बाबांच्या स्कूटरला यायचा तसाच. मागून अण्णे विचारत होते, "वासनै इरुक्का?" आणि मी उभी राहून ओरडले, इरुक्कु, इरुक्कु, आहे, आहे, सगळे मागे व्हा. मी हसत होते, रडत होते, लेकीला वाटलं मला उन्हाचं काहीतरी झालं. अण्णेंनी पोरीला उचलून थेट बंगल्यापर्यंत नेलं. तासाभराने मेकॅनिक आला. टाकीच्या मागे, हात पोचत नाही अशा जागी, तोंडाकडून टाकीत जाणारा रबरी होज तडकला होता. तळाला पेलाभर पेट्रोल साठलं होतं. तो म्हणाला, किल्ली फिरली असती तर. रबराचा होज, आणि बोट रबरवालीची. त्याने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि मी त्याचाही वास घेतला.

परत येताना तिरुवान्मियूरच्या सिग्नलला मी लेकीला सगळं सांगितलं. लवंगेपासून. वास यायला आणखी पंधरा दिवस लागले असते तर आज मी "इल्ले" म्हटलं असतं, हेही सांगितलं. नात मागे झोपली होती. लेक म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं आम्ही तुझ्या भरवशावर चढत होतो." मी हो म्हटलं. गिंडी आल्यावर म्हणाली, "इथून पुढे वास मी घेणार. किल्ली तू धरायची." तुझ्यासारखीच बोलते, भुवईसुद्धा तशीच उचलते. मी बरं म्हटलं. उद्या युनिटमध्येही सांगणार आहे आणि अण्णेंनाही.

आता घर नुसतं उधळलंय माझ्यापुढे. तुझे जावई कॉफी करतायत, ती मला इथे बसून कळतेय. धुतलेल्या चादरीला एक वास, वहीच्या कागदाला एक. संध्याकाळपर्यंत पुन्हा जाईल अशी भीती वाटते म्हणून मी उठून उठून हिंगाची डबी उघडते. नरसाळं बाल्कनीत वाळत ठेवलंय.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक गोष्ट तुला सांगून टाकते, ती लेकीला सांगितलेली नाही. वास आला, तो पेट्रोलचा आहे हे कळलं, आणि मी वळून बघितलं तर पोरगी गळ्यात किल्ली घेऊन धक्क्याच्या कडेला बोटीत यायला एक पाय उचलून उभी होती. ओरडायच्या आधी मी पुन्हा वाकले आणि आणखी एक श्वास भरून घेतला.