शिळेवरचा क्रूस काढून जागा मोकळी ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
राज्य सैनिकी दफनभूमी, क्ले रिज,
मिनेसोटा.

अर्जदार : आर्विड पी. हॉगन, वय ६५, निवृत्त पोस्टमन, रा. नॉर्डबी.

विषय : माझी मुलगी दिवंगत मॅरिट हॉगन (सैन्यातील वैद्यकीय सहायक) हिच्या शिळेवर माझ्या हातून झालेल्या खोट्या नोंदीची दुरुस्ती. विभाग फ, रांग ११, शिळा क्र. २०७.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ६ ऑक्टोबर २००८ व दि. १२ जानेवारी २००९. २) आपल्या कार्यालयाची उत्तरे दि. २० नोव्हेंबर २००८ व दि. ९ मार्च २००९.

महोदया,

१. मी नॉर्डबी गावात चौतीस वर्षे टपाल वाटले. सरकारी कागदाचा मान कसा राखायचा हे मला कोणी शिकवायला नको. म्हणूनच संदर्भातील दोन्ही अर्जांत मी खोटे लिहिले याची लाज मला जरा जास्तच वाटते. मुलीच्या शिळेवर ‘लेखनिकाच्या नजरचुकीने’ क्रूस कोरला गेला, असे मी त्यांत म्हटले होते. तशी चूक कोणाचीही झाली नव्हती. आपण मूळ फॉर्मची प्रत पाठवलीत, तिच्यावर श्रद्धाचिन्हाच्या रकान्यात क्रूसापुढच्या चौकटीत जी खूण आहे ती माझ्या हातची आहे. माझ्या तक्रारीमुळे आपल्या कार्यालयातील श्रीमती टॅगर्ट यांना लेखी खुलासा द्यावा लागला असे समजले. मी त्यांची भेट घेऊन माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “हॉगनसाहेब, इथे येणारा प्रत्येक जण कुणावर तरी चिडलेला असतो. तुम्ही निदान परत आलात.” तरी त्यांच्या सेवापुस्तकात काही शेरा पडला असल्यास तो या अर्जाच्या आधारे काढून टाकावा, ही माझी पहिली विनंती समजावी.

२. आता खरे काय घडले ते लिहितो. ऑगस्ट २००७ मध्ये मॅरिट अफगाणिस्तानला जाण्यापूर्वी चार दिवस घरी आली होती. स्वयंपाकघरात बसून आम्ही मक्याची कणसे सोलत होतो. सैन्यात निघण्यापूर्वी बरेच कागद भरावे लागतात, ते तिने नुकतेच भरले होते. ती म्हणाली, “बाबा, माझ्या दगडावर चिन्हबिन्ह काही नको. नाव, तारखा, झालं.” मी म्हणालो, असलं अभद्र बोलू नये. ती म्हणाली, “नाही बोलले तर तुम्ही क्रूस ठोकून मोकळे व्हाल. मी ओळखते तुम्हाला. आणि फॉर्म तुम्हीच भरा हं, आईचं अक्षर डॉक्टरांसारखं आहे.” माझी पत्नी व्हर्ना ओट्यापाशी होती, ती हसली. मी ‘बरं’ म्हणालो. महोदया, मी ‘बरं’ म्हणालो होतो, हे या अर्जातील सर्वांत महत्त्वाचे विधान आहे.

३. दि. १७ ऑक्टोबर २००७ रोजी ती गेली. एका जखमी शिपायाला पट्टी बांधत असताना गेली, असे आम्हाला कळवण्यात आले. शिळेचा फॉर्म भरला त्या दिवशी आमचे स्वयंपाकघर माणसांनी भरले होते. चर्चच्या बायका झाकलेली भांडी आणून ठेवत होत्या. पाद्री लिंडक्विस्ट माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. श्रद्धाचिन्हांच्या चौकटी फॉर्मवर पुष्कळ होत्या, आणि रकाना रिकामा सोडला तरी चालेल असे खाली बारीक अक्षरांत छापले होते. ते मी वाचले. कागदावरचे मी सगळेच वाचतो. पाद्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी क्रूसापुढे खूण केली. पुनरुत्थानाच्या दिवशी ती मला सापडणार नाही या भीतीने केली, असे मी पुढे दीड वर्ष स्वतःला सांगत आलो. पण त्या क्षणी माझे लक्ष आकाशाकडे नव्हते. पाठीमागे उभ्या असलेल्या सहा बायकांकडे होते. मी देवाला भ्यालो की गावाला, याचा निवाडा मला आजही करता येत नाही.

४. तिचे विचार क्षणिक किंवा तारुण्याच्या भरातले होते, असे आपल्या पत्रात सुचवले आहे. त्याबाबत नम्रपणे असे की, मॅरिट पाचवीत असताना तिच्या वर्गशिक्षिकेची चिठ्ठी घरी आली. सकाळच्या ध्वजप्रतिज्ञेत ‘देवाच्या छायेखाली’ हे दोन शब्द मुलगी म्हणत नाही, अशी तक्रार होती. मी तेव्हा शाळा समितीवर होतो. मी तिला समोर उभी करून जाब विचारला. ती म्हणाली, “बाकी सगळं मोठ्यानं म्हणते ना मी. तेवढे दोनच गाळते. आणि पुढे पळत नाही, सगळ्यांचं होईपर्यंत थांबते.” म्हणजे दोन शब्दांपुरती ती गप्प राहायची आणि मग सगळ्यांबरोबर पुढचे म्हणायची. ध्वजाचा अपमान होऊ नये म्हणून तिने ही रीत स्वतःच बसवली होती. मी तिला वर्गापुढे माफी मागायला लावली. तिने मागितली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच थांबली.

५. येथे आणखी एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. मी स्वतः पाचवीत गेलो तेव्हा, सन १९५४ मध्ये, ते दोन शब्द प्रतिज्ञेत नव्याने घातले गेले. आमच्या बाईंनी ते फळ्यावर लिहून दिले. जुन्या सवयीने आम्ही पोरे पुढे पळायचो, बाई पट्टी आपटायच्या आणि आम्ही परत मागे यायचो. आठवडाभर हाच गोंधळ चालला. माझे वडील जन्मभर ते शब्द नसलेली प्रतिज्ञा म्हणत आले आणि त्यांचा चर्चमधला एकही रविवार चुकला नाही. हे सर्व मला पाठ होते. तरी मुलीला जाब विचारताना हे देशाच्या जन्मापासून असेच चालत आले आहे, असे मी तिला सांगितले.

६. शिळा बसल्यावर मे २००८ च्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी नॉर्डबीचे महापौर श्री. गेलन स्टॉफर यांनी भाषणात त्या क्रूसाचा उल्लेख केला. हाच आपला देश, हीच आपली श्रद्धा, आणि ही मुलगी दोन्हींसाठी लढली, असे ते म्हणाले. पुढे शिळेचे मोठे छायाचित्र नगरसभेच्या दालनात लागले. सभेच्या आरंभी प्रार्थना होते तेव्हा सगळे त्याच भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. मीही दोनदा उभा राहिलो. लोक हात हातात घेत, मला बरे वाटे. ते बरे वाटणे खोटे होते असे मला म्हणता येत नाही.

७. सप्टेंबर २००८ च्या एका रविवारी मॅरिटबरोबर काम केलेल्या सार्जंट यव्हेट बोलिन आमच्या दारात आल्या. सहा तास गाडी चालवून त्या थेट दफनभूमीवर गेल्या होत्या. कार्यालय बंद होते, म्हणून दोन तास रांगांमधून हिंडल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी विचारले, “काका, मॅरिटला दुसरीकडे कुठे पुरलंय का? मी बिनचिन्हाचे सगळे दगड बघून आले. ती म्हणायची, माझा शोधायला सोपा जाईल, सगळ्यांत मोकळा तोच असेल.” मी त्यांना दफनभूमीवर नेले. शिळा पाहून त्यांनी वाकून नाव वाचले. त्या या शिळेसमोरून एकदा गेल्याही होत्या, असे त्यांनी सांगितले. क्रूस दिसला म्हणून नाव वाचायला थांबल्या नव्हत्या. महोदया, तिच्या जिवाभावाच्या माणसाला माझी मुलगी सापडली नाही, आणि ती माझ्यामुळे सापडली नाही. परत येताना गाडीत मला रडू आवरेना. सार्जंटबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

८. आपल्या दि. ९ मार्चच्या पत्रानुसार मृत व्यक्तीची त्या चिन्हावर श्रद्धा नव्हती, याचा पुरावा द्यावयाचा आहे. शक्य तर तिच्या उपासनास्थळाच्या प्रमुखाचा दाखला जोडायचा आहे. मी पाद्री लिंडक्विस्ट यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “आर्विड, बाप्तिस्म्याचा दाखला माग, आत्ता देतो. बाप्तिस्मा उरला नाही याचा दाखला मी कुठून आणू?” त्यांचे म्हणणे मला पटले. सबब खालील पुरावा गोळा केला आहे. तो अपुरा आहे याची मला जाणीव आहे.

(अ) गावच्या उपाहारगृहातील श्रीमती मेबल क्रूग यांचा जबाब, की जेवणापूर्वी आम्ही सगळे डोळे मिटून प्रार्थना करत असताना मॅरिट बटाट्याचे काप खाण्यास सुरुवात करी, मात्र आवाज न करता. (ब) शेजारी श्री. डेल ओल्सेट यांचा जबाब, की शिंक आल्यावर कोणी देवाचे नाव घेऊन आशीर्वाद दिला तर ती ‘नुसतं बरी हो म्हणा’ असे सांगे. श्री. ओल्सेट यांनी पुढे स्वतःहून लिहिले आहे, “मागच्या हिवाळ्यात मला शिंक आली आणि मीच मला बरा हो म्हणालो.” हे वाक्य खोडावे की ठेवावे हे न कळल्याने तसेच ठेवले आहे. (क) तिच्या गळ्यातला ओळखपट्टा. त्यावर नाव, क्रमांक, रक्तगट, आणि धर्माच्या ओळीत ‘पसंती नाही’ असे ठोकलेले आहे. सरकारने ते तिला विचारून ठोकले होते. तिला न विचारता ठोकलेली गोष्ट एकच, ती मी ठोकली.

तिच्या विरुद्ध जाणारा पुरावाही प्रामाणिकपणे नोंदवतो. नाताळात ती चर्चमध्ये गायला यायची. आईसाठी यायची, आणि आवाज फार गोड होता.

९. या अर्जाची कुणकुण लागल्यावर महापौर घरी येऊन गेले. माणूस वाईट नाही. व्हर्नाच्या हातची कॉफी प्यायले आणि म्हणाले, “आर्विड, लोकांना त्या क्रूसाचा आधार आहे. ती आता तुझ्या एकट्याची मुलगी राहिली नाही रे.” व्हर्ना म्हणाली, “गेलन, मग तिचे कपडे आवरायला कोण आलं होतं गावातून?” ते गेल्यावर मी तिला विचारले, इतके दिवस तू का काही बोलली नाहीस. ती म्हणाली, “तिला शब्द मी दिला नव्हता. तुम्ही दिला होता.” तिने संमतिपत्रावर सही केली आहे. अक्षर लागत नसल्यास मी वाचून दाखवीन.

१०. गेल्या आठवड्यात सोमवारी, दि. २५ मे रोजी स्मृतिदिन झाला. शहीद मुलीचा बाप म्हणून प्रतिज्ञा सांगण्याचा मान मला देण्यात आला. मी छातीवर हात ठेवून सुरुवात केली आणि त्या दोन शब्दांपाशी थांबलो. आधी ठरवले नव्हते. सांगणाराच थांबला म्हणून समोरचे तीनशे लोक अडखळले. काही म्हणाले, काही थांबले, काही पुढे पळाले आणि परत मागे आले. १९५४ साली आमचा वर्ग जसा चुकत होता तसेच सगळे गाव चुकले. मग मी पुढचे म्हटले. कार्यक्रमानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. तेथे एकामागून एक माणसे येऊन माझा हात दाबत होती. माझा गळा दाटून आला असेच सर्वांना वाटले होते. “देव तुम्हाला बळ देवो,” असे सगळे म्हणत होते. तेथेच सांगून टाकायला हवे होते, की मी रडत नव्हतो, मी मॅरिटसारखा थांबलो होतो. मी सांगितले नाही. बशीतला केक संपवला आणि घरी आलो. तोंडाने मला हे जमत नाही असे दिसते, म्हणून लेखी देत आहे.

११. हा अर्ज माझ्या श्रद्धेविरुद्ध नाही. मी रोज प्रार्थना करतो, मुलीसाठीही करतो, आणि देव मला तिच्यापर्यंत नेईल अशी आशा धरून आहे. त्यासाठी तिच्या दगडावर खूण करून ठेवण्याची गरज देवाला नसावी. ती मला होती. सबब विनंती अशी :

शिळा क्र. २०७ बदलून मिळावी. काढलेली शिळा नियमाप्रमाणे फोडून टाकली जाते असे श्रीमती टॅगर्ट यांनी सांगितले. ते काम मला स्वतः करू द्यावे. हातोडा मी घेऊन येईन आणि तुकडे उचलीन. त्यावर तिचे नाव आहे, ते परक्या माणसाच्या हातून फुटू नये. नियमात बसत नसल्यास निदान मला जवळ उभे राहू द्यावे. नवी शिळा बसल्यावर सार्जंट बोलिन यांना कळवण्याचे काम माझ्याकडे राहील.

१२. आणि शेवटची विनंती. चिन्ह नसेल तर ओळी वर सरकवून शिळा भरलेली दिसेल असे करतात, असे कोरणाऱ्या कारागिराने मला सांगितले. कृपया तसे करू नये. नाव आहे तेथेच कोरावे आणि वरची जागा मोकळी सोडावी. ती पुढे पळत नसे. सगळ्यांचे होईपर्यंत थांबत असे.

आपला नम्र, आणि या वेळी खरे लिहिणारा,

(सही)
आर्विड पी. हॉगन
नॉर्डबी, दि. ३ जून २००९

सोबत : १) जबाब, दोन. २) ओळखपट्ट्याचे छायाचित्र (मूळ पट्टा देता येणार नाही, तो व्हर्नाच्या गळ्यात आहे). ३) पत्नीचे संमतिपत्र. ४) वर्गशिक्षिकेची चिठ्ठी, सन १९९२. चिठ्ठीच्या मागच्या बाजूस ‘मुलीला समज दिली आहे’ असे माझ्या हस्ताक्षरात आहे. ते वाक्य मी आज खोडले असून खोडल्याजागी सही केली आहे.