राखरानातली हिरवी अळंबी

१ सप्टेंबर, मंगळवार

अकरा वेळा मेले. तेही दुपारच्या जेवणाआधी!

श्तेपांकाने ब्रनोहून खेळ पाठवलाय — ‘राखरान’. तीन वर्षं माझी लेक आणि तिच्या कंपनीतली मंडळी हेच करत बसलीत. मेलेली माणसं उठून जिवंतांना खातात, आपण रानात लपतछपत जगायचं. याला म्हणे करमणूक म्हणतात. शी! पहिल्याच मिनिटाला एक मढं अंगावर आलं. जबडा लोंबतोय, पोटातलं सगळं बाहेर. हातातला चहा तसाच खाली ठेवला. तिला फोन लावला, म्हटलं, यासाठी शिकवलं का तुला? तर म्हणते, "आई, मढी माझी नाहीत गं. रान माझंय. तू फक्त रान बघ."

झाडं, शेवाळ, बोरं, अळंबी — सगळं तिच्याकडे. पंचवीसला खेळ बाजारात येणार, अठ्ठावीसच्या संत वाच्लावच्या सुट्टीला जोडून. तोवर आईने चुका काढून द्यायच्या. चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, चुका काढायला मला कोणी शिकवायला नको.

३ सप्टेंबर

रान मात्र, खरं सांगायचं तर, झकास केलंय पोरीने. किड्याने पोखरलेले उघडेबोडके स्प्रूस अगदी आमच्या टेकडीवर आहेत तसे. पावसानंतर शेवाळ कसं गडद होतं, ते बरोबर. सुकी काटकी पायाखाली मोडली की लांबचं मढं हळूच मान वळवतं — तेव्हा खरंच पाठीतून गार कळ जाते. हे ज्याला सुचलं त्याला दहापैकी दहा.

पण कुंपण! गुडघ्याएवढं कुंपण, आणि ओलांडता येत नाही. मी त्रेसष्टाव्या वर्षी त्याच्या दुप्पट ओलांडते. पिशवीत चार बटाटे टाकले की खेळातला गडी धापा टाकतो, पण सात कुऱ्हाडी बिनबोभाट मावतात. मढी बंद दारातून आरपार येतात. आणि खेळ जिथे आहे तिथे जपून ठेवायचा तर चूल पेटवायची. चुलीला सुकं लाकूड हवं. रोज पाऊस! दोन तास जीव मुठीत धरून जगायचं आणि सगळं मातीत. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

४ सप्टेंबर

स्टुलावरून उतरताना मेले. स्टुलावरून!!

७ सप्टेंबर, सोमवार

आज ग्रंथालयात माझा अळंबीचा दिवस. लोक टोपल्या घेऊन येतात, मी एकेक काढून सांगते — ही खा, ही टाक. सगळे आधीच शहाणे असतात. आपल्याकडे ज्याला बूट घालता येतात त्याला अळंबी कळते. चौदा टोपल्या, दोन अख्ख्या फेकायला लावल्या. ग्रंथपाल दागमार म्हणाली, बाई, तुम्ही आहात म्हणून हा गाव जिवंत आहे.

घरी येऊन खेळायला बसले. खेळातला गडी उपाशी होता. ओकच्या खाली हिरवट अळंबी दिसली. इतकी हुबेहूब की कौतुक वाटलं — देठाला झालर, बुडाशी पांढरी पिशवी. म्हणजे मुखोमूरका, जहरी. एकच टोपी अख्ख्या घराला पुरते. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, तिसऱ्या दिवशी माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि मग यकृत जातं. मी पुढे जाणार, तर खेळाच्या वहीत नाव उमटलं — "हिरवी होलुबिन्का, खाण्याजोगी"!! मुद्दाम खाऊन पाहिली. गडी टुणटुणीत. भूक गेली, ताकद वाढली. मग खरी होलुबिन्का शोधली, ती बिचारी निरुपद्रवी, लोक अंड्यात परतून खातात. ती खाल्ली आणि गडी तडफडून मेला.

नावं उलटी लावलीत. एवढ्या मढ्यांनी जेवढी किळस आली नाही तेवढी या एका वहीने आली.

श्तेपांकाला फोन. तिने दोन्ही नावं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, उद्या बघते.

१० सप्टेंबर

दोन दिवस फोन उचलत नव्हती. आज उचलला. म्हणे खेळ पक्का करून झालाय, आता काही हलवायचं तर त्यांच्या विलेम साहेबांची परवानगी लागते. साहेब म्हणतात, खेळ बघून रानात कोण जातं?

कोण जातं! अठ्ठावीसच्या सुट्टीत अर्धा देश रानात असतो. त्यातल्या निम्म्यांनी आदले तीन दिवस हेच खेळलेलं असणार. मी विचारलं, ही नावं कुठून उचललीस? म्हणाली, "आठवत नाही, आई." आठवत नाही! माझ्या पोटची पोर, आणि काम असं गलथान. फोन आपटला.

१३ सप्टेंबर

विलेम साहेबांना पत्र धाडलं. रानाची स्तुती केली, कुंपणाबद्दल सुनावलं, मग मुद्द्यावर आले. लिहिलं की ज्या गाढवाने ही दोन नावं लावली त्याला पुन्हा आयुष्यात कुठलंही नाव कशालाही लावू देऊ नये. आणि त्याने कुठल्या पुस्तकावरून लावली ते मला लेखी कळवावं. त्या पुस्तकवाल्यालाही सोडणार नाही.

तिची आई आहे हेही लिहिलं. लपवायचं काय त्यात?

१६ सप्टेंबर

उत्तर आलं. गोडगोड. बाई, तुमचे आभार, चूक दुरुस्त केली, रात्रंदिवस बसून केली. चूक छापील साहित्यावरून आली असावी, पण श्तेपांका मूळ दाखवायला तयार नाही. सगळी जबाबदारी तिने स्वतःवर घेतली. त्यामुळे रानाचं काम आता दुसऱ्याकडे देतोय आणि खेळाच्या शेवटी येणाऱ्या श्रेयनामावलीत तिचं नाव असणार नाही.

तीन वर्षं राबली, आणि नाव नाही. पण चूक ती चूक. वर्गात मी कधी स्वतःच्या मुलीला जास्तीचा गुण दिला नाही, आता काय म्हणून देऊ?

१९ सप्टेंबर, शनिवार

काल दुपारीच श्तेपांका गावात आली. बाहेर कुठे कामं होती म्हणाली, घरी पोचली ती संध्याकाळी. ओढलेला चेहरा. बटाट्याचं सूप केलं होतं, तिने चमचा नुसता फिरवला. मला राहवलं नाही. म्हटलं, लहानपणी तुला हाताला धरून रानात नेत होते तेव्हा तू नीट डोळे उघडून पाहिलं असतंस तर ही वेळ आली नसती. कुणाचं तरी बघून उतरवायचं, पडताळायचं नाही, ही शाळेतली खोड तुझी. वीस मिनिटं बोलले. नंतर मलाच कंटाळा आला माझा.

शेवटी एवढंच म्हणाली, "हो आई. माझीच चूक." मग ताट धुतलं. आज सकाळच्या बसने गेली. जाताना मिठी मारली, फार वेळ. मी ताठच उभी होते.

२० सप्टेंबर

दुरुस्त झालेला खेळ आला. नावं बरोबर. मुखोमूरका खाल्ली, गडी तिसऱ्या दिवशी बरा वाटला आणि मग मेला, मरायला पाहिजे तसाच. कुंपण अजून ओलांडता येत नाही.

समाधान वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी टपालाने पाकीट. विलेम साहेबांकडून. श्तेपांकाचं टेबल रिकामं करताना हे सापडलं, बाई, तुम्ही लेखी मागितलं होतंत म्हणून पाठवतोय. आत एक पुस्तिका, कोपरे दुमडलेली. ‘आपल्या रानातली अळंबी’. पान सहा. मुखोमूरकेच्या चित्राखाली होलुबिन्का, होलुबिन्केच्या चित्राखाली मुखोमूरका. मागच्या पानावर माझं नाव. अकरा वर्षांपूर्वी नगरपालिकेने छापली, मुद्रितं मी तपासली. ग्रंथालयाच्या मांडणीवर फुकट ठेवलेली असते. त्यानंतर मी ती कधी उघडली नाही — मला पाठ आहे ना!

धावत ग्रंथालयात गेले. मांडणी रिकामी. दागमार म्हणाली, "शुक्रवारी श्तेपांका येऊन सगळ्या घेऊन गेली की. आईला नव्या छापायच्यात म्हणाली." किती होत्या? चाळीसेक.

छापल्या होत्या सहाशे.