नळबाईचा क्लोजअप

३ मार्च

नणंद आली होती. खुर्ची ओढून समोर बसली आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. शेवटी म्हणालीच, "वहिनी, पडद्यावर परक्यांसाठी धाय मोकलून रडतेस. माझ्या भावासाठी एक टिपूस नाही?"

काय सांगू? हे जाऊन महिना होत आला. खरंच नाही आलं रडू. तिला चहा करून दिला.

५ मार्च

काम आलं! हिरोच्या मित्राची आई. मित्र मध्यंतराआधी मरतो, आई शवागारात प्रेत ओळखायला जाते. थोडी वाक्यं आहेत आणि माझा एकटीचा क्लोजअप — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आजवर काय केलं? नर्स, मोलकरीण, नर्स, कोर्टात मागच्या बाकावरची मावशी, पुन्हा नर्स. बहुतेक ठिकाणी नुसतं रडायचं. ग्लिसरीनशिवाय, म्हणतील तेव्हा. म्हणून तर सेटवर माझं नाव नळबाई. "नळबाईंना बोलवा रे, शॉट तयार आहे!"

आनंद व्हायला हवा. झालाही असेल. कळलं नाही.

६ मार्च

रडण्याची युक्ती आज लिहून ठेवते. ज्यांना सांगायचे ते आता नाहीत.

शॉट आला की मी मनातल्या मनात ह्यांना मारायचे. कधी अपघातात, कधी तापाने, कधी नुसते झोपेत. डोळे भरलेच म्हणून समजा! ह्यांना सगळं माहीत होतं. चष्म्याच्या दुकानातून घरी आले की चपला काढता काढता विचारायचे, "आज कशाने गेलो?"

"न्यूमोनियाने."

"परवडलं. परवाचा ट्रक जरा जास्तच झाला." मग दोघंही हसत सुटायचो.

आणि एका सकाळी खरंच गेले. दाढी करताना. अर्ध्या गालाला फेस तसाच. मी बाजूला उभी. सगळं ओळखीचं वाटत होतं, आधी होऊन गेल्यासारखं. माझं रडून झालेलंच होतं. लोक येत होते, मी त्यांना पाणी देत होते.

८ मार्च

शवागाराचा सेट. पंखे बंद, दिव्यांनी जीव नकोसा झालेला, आणि म्हणे इथे थंडी वाजतेय असं दाखवा! मुलाचं काम करणारा नट माझ्याहून दोन वर्षांनीच लहान. त्याचा शॉट झाला, तो उठून गेला. माझ्या वेळी चादरीखाली उशा, आणि नजर कुठे ठेवायची ते कळावं म्हणून स्टँडवर चिकटपट्टीची फुली.

फुलीकडे बघितलं. ह्यांना मारायला गेले — तर हे गेलेलेच. पुन्हा कसं मारणार? कोरडी ठणठणीत. परत शॉट. परत तेच. मागून कोणीतरी म्हणालं, "आज नळाला पाणी नाही!" सगळे हसले. मीसुद्धा.

मग मेकअपवालीने ग्लिसरीन घातलं. डोळे चुरचुरले, गालावर धार लागली. दिग्दर्शक उठून जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "ताई, पाणी दिसतंय, आई दिसत नाही. परवा सेट मोडायचाय. उद्या एकदा बघू. नाहीतर मला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागेल."

चांगला माणूस आहे. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. त्याचीच भीती वाटते. काम जाईल ते जाईल — पण मी आता अशीच राहणार का?

९ मार्च, सकाळ

आरशासमोर बसून सगळ्यांना मारून पाहिलं. आईला, भावाला, नणंदेला. (नणंदेचं बरं जमत होतं.) टिपूस नाही. गाडी खाली येऊन थांबलीय.

९ मार्च, संध्याकाळ

आज ह्यांना मारलं नाही. फुलीकडे बघितलं आणि हे जिवंत आहेत असं मनात आणलं. मी दमून घरी गेलेय, हे दार उघडतायत, कुरकुरतायत, "किती उशीर! जेवण गार झालं की."

कट कधी म्हणाले, मला ऐकूच आलं नाही.