फुकटनं औसद

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. मुंबईच्या औषध कंपनीच्या ‘निरोगी धमनी’ अभियानाचा कळसाडी केंद्र समन्वयक म्हणून रुजू झालो. कंपनी जगभर दानधर्म करते, आणि कळसाडीत तो माझ्या हातून! डॉक्टरांनी बीपीवाल्यांना तपासून चिठ्ठ्या दिल्यात, गोळ्या वाटायचं काम माझं. संकल्प: महिन्याभरात अख्खं गाव गोळीवर. मग जिल्हा समन्वयक.
पहिली पेशंट घरातच. आई. कंपनीने दिलेल्या मशीनवर बीपी १८०. डॉक्टर म्हणाले, गोळी घेतली नाही तर लकवा मारेल.

७ जानेवारी
एक माणूस आला नाही. एक! ग्रामपंचायतीसमोर टेबल, वर बॅनर, ‘संपूर्ण मोफत’ हे केवढ्या अक्षरांत. लोक वाचतात आणि पुढे जातात. कृतघ्न लेकाचे.
आईनेही पाकीट फडताळात टाकलं. म्हणे, फुकटनं औसद गुण देत नही. बायको तिच्याच बाजूची. शीला म्हणाली, वैदूलासुद्धा मूठभर दाणे दिल्याशिवाय कुणी औषध नेत नसे. तुम्ही मेडिकलमधून विकत आणा, त्या मुकाट घेतील. भडकलोच मी. समन्वयकाने स्वतःच्या आईसाठी गोळ्या विकत आणायच्या? नाक कापून घेऊ का?
उद्या भाषण ठोकणार.

९ जानेवारी
काल घसा बसला होता म्हणून भाषण आज. हिट! ‘कार्डिओव्हॅस्क्युलर’ हा शब्दच लोकांना भारी पडला. आमच्या मागच्या गल्लीतली सिंधुबाई, जिभेने फटकळ, ती उठली. टेबलावर पसाभर शेंगा ठेवल्या, पाकीट उचललं आणि चालू पडली. मग रांगच लागली. पेरू, अंडी, हरभऱ्याची भाजी. शेजारचा भिला, त्याने तर टेबलाच्या पायाला कोंबडा बांधला.
हा माझ्या वाणीचा सत्कार. उशिरा का होईना, गावाला माणसाची पारख झाली.

१५ जानेवारी
गाव जवळजवळ पूर्ण. कोंबडा मात्र घरी आणावा लागला. आई माळकरी, आमच्या घरात अंडंही चालत नाही, आणि अंगणात हा पहाटे बोंबलतो. शीला माझ्याशी बोलत नाही. नको बोलू.
संध्याकाळी आईने माझ्यापुढे नारळ ठेवला आणि म्हणाली, आता दे गोळी. मी नारळ परत केला. जन्मदात्या आईकडून सत्कार घ्यायचा? मला काय लाज नाही? आई उठून आत गेली. गोळी राहिलीच. बीपी १८५. काय हट्टी बाई आहे! माझंही तेवढंच झालं असणार.

२१ जानेवारी
मुंबईहून कंपनीच्या रुचिका मॅडमचा मेल. त्या फोटोग्राफर घेऊन येणार. ग्लोबल रिपोर्टमध्ये फोटो! जॅकेट इस्त्रीला टाकलं.
आई म्हणते हात जड वाटतो. हिला आत्ताच जड व्हायचं होतं! मॅडम येऊन जाऊ देत, मग बघू.

२८ जानेवारी
वाटोळं झालं. मॅडम आल्या तर बॅनरवर ‘संपूर्ण मोफत’, खाली टेबलावर अंड्यांची टोपली, वांगी, पेरू आणि वर आणखी एक कोंबडा. मॅडमनी थंडपणे विचारलं, ही गोळ्यांची किंमत का? मी कपाळ बडवत ओरडलो, ज्याचं त्याने उचला! आत्ताच्या आत्ता!
उचललं की लोकांनी. आणि गोळ्या टेबलावर ठेवल्या. घरी पळत जाऊन उरलेली पाकिटंही आणून ठेवली. माझ्या घरचा पहिला कोंबडासुद्धा भिला काखेत मारून घेऊन गेला. वर मलाच शहाणपण शिकवतो, देयल वस्तू परत दिधी, मंग औसदना गुणबी परत गया!
फोटोग्राफर टिपत होता काय, तर परत आलेल्या गोळ्यांचा ढीग. जॅकेटकडे ढुंकून पाहिलं नाही. एकजात नालायक.

३ फेब्रुवारी
मेल आला. ‘समुदायाची मानसिक तयारी आढळली नाही.’ अभियान दुसऱ्या तालुक्यात. जीप आली, खोकी नेली, बॅनर नेला, आईच्या फडताळातलं न फोडलेलं पाकीटही नेलं. माझं पदही त्यातच गेलं. समुदाय म्हणे! मी एकटा तयार होतो ते दिसलं नाही यांना.

४ फेब्रुवारी
सकाळी आईच्या हातातून चहाची बशी सुटली. बोटं वळेनात. मोटारसायकलवर मध्ये आई, मागे शीला, तसेच म्हसावदच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. मग माझ्यावर उखडले, महिनाभर झोपला होतात का? मला! समन्वयकाला!
समोरच्या मेडिकलमधून पाकीट घेतलं. तीच गोळी, तीच कंपनी. आईने एवढंच विचारलं, इकत लयना ना? मंग दे. तिथेच काउंटरवर पाणी मागून गिळून टाकली.
माझं डोकंच फिरलं. इतकं सोपं होतं तर आधी कुणी बोलायला नको? या घरात मला कुणी काही सांगतच नाही! शीलाने पाकीट उचलून पिशवीत टाकलं.
संध्याकाळी म्हटलं, बीपी मोजू. आईने बाही वर सारली आणि हात पुढे केला.
मशीन कंपनीने नेलंय.