पिवळा की निळा

प्रिय अप्पा,

काल तुमचे फोन येत होते, मी मुद्दाम उचलले नाहीत. बोलले असते तर रडले असते, आणि तुम्ही नेहमीसारखं "आधी पाणी पी" म्हणून विषय बदलला असता. म्हणून लिहितेय.

अव्वाची खोली रंगवायची म्हणून तुम्ही मला कुर्डुवाडीहून बोलावलंत. "पिवळा की निळा, तूच सांग की," म्हणालात, तेव्हा मी किती हरखले! रंगाऱ्याने खिडकीशेजारी दोन्ही रंगांचे पट्टे मारून ठेवले होते. निळा वाईट नव्हता. सोलापूरच्या उन्हाळ्यात डोळ्यांना गार वाटला असता. पण ऊन आलं की पिवळा नुसता उजळत होता. मी पिवळा म्हटलं, कारण अव्वा तोच मागायची. दोन वर्षं माझी आई पलंगावरून त्या शेवाळी भिंतीकडे बघत पडून होती. "विहिरीत पडल्यागत वाटतंय गं, अप्पांना पिवळा द्यायला सांग की," म्हणायची. मी सांगायचे. तुम्ही म्हणायचात, "गडद रंगावर डाग दिसत नाहीत. बरी होऊ दे, मग बघू." ती गेली तेव्हाही तिचं तोंड त्याच भिंतीकडे होतं.

मला वाटलं, आता ते तुम्हाला सलतंय. त्या पट्ट्यांसमोर मी तुमचा हात धरला, अप्पा, आणि तुम्ही तो धरू दिलात.

मग पार्वतम्मा आत्या चहा घेऊन आली आणि सहज बोलून गेली, "दाक्षायणीबाईंना खरं तर निळा आवडतो. पण पोरीच्या मनासारखं होऊ दे म्हणाल्या, बिचाऱ्या." कोण दाक्षायणीबाई, असं मी विचारलं, आणि तुम्ही रंगाऱ्याशी बोलायला बाहेर निघून गेलात. सोमवारी तुमचं लग्न आहे, हे मला आत्याच्या तोंडून कळलं.

मी लग्नाला येणार नाही, हे सांगायला हे पत्र. या वयात सोबत हवीशी वाटते, हे मला कळतं. त्या बाईंवरही राग नाही. त्यांनी निदान माझा विचार केला. पण निघताना रंगारी म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे, ताई." दोन दिवस! अव्वासाठी तुम्हाला तेवढेही काढता आले नाहीत. तेव्हा आता पिवळा नकोच. त्या बाईंना आवडतो तो निळाच द्या आणि सुखाने राहा. मला मात्र इतक्यात त्या घरात पाऊल टाकवणार नाही.

तुमचीच,
भुवनेश्वरी