भावाच्या हातची फवारणी

४ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या ओट्याखालची झुरळं पुन्हा माझी आठवण काढू लागलीत म्हणे. रविवारी पंप घेऊन येतो. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या बहिणीकडे झुरळं, ही माझ्या धंद्याची बदनामी! नेहमीचंच जालीम औषध मारू. दर महिन्यासारखे तासभर बाल्कनीत बसा, म्हणजे झालं.

चिमीच्या पायांवर काळेनिळे डाग दिसतात, असं लिहिलंस. पाच वर्षांची पोर धडपडणारच. मामा घोडा होणार आहे, एवढं तिला सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ

१९ मार्च

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

ते डाग धडपडीचे नव्हते. चिमीला रक्ताचा कॅन्सर झालाय. केमो सुरू आहे. उशीवर गळलेले केस गोळा करून ती बाहुलीला चिकटवायला मागते.

घरात काय फवारता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एखाद्या मुलाला हा आजार कशाने झाला हे ठामपणे सांगता येत नाही, पण जिथे घरात कीटकनाशक मारतात तिथल्या मुलांमध्ये तो जास्त आढळतो, तेव्हा आता बंद करा, असं त्या म्हणाल्या. त्यांना औषधाचं नाव हवंय, तेवढं कळव. मी रागावून विचारत नाही. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेची मुलंही लहान आहेत, म्हणून तिच्याही कानावर घातलं.

चिमी तुझी वाट बघते. येऊन जा.

ताई

२ एप्रिल

ति. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण त्या शिक्षिकाबाईंकडे फवारणीला आलो, तर त्यांनी मला जिन्यातूनच परत पाठवलं, हेही तुला कळायला हवं. डॉक्टरच ठामपणे सांगत नाहीत, तर तू माझ्या माथी का मारतेस? मी रोज त्या वासात वावरतो, मला काही झालं का? ऑक्टोबरात हिला दिवस गेले तेव्हापासून आमच्याकडे फवारणी बंद आहे, पण ती आपली हिच्या समाधानासाठी. त्याचा अर्थ औषध वाईट असा होत नाही.

नाव भेटीत सांगेन, कागदावर नको. सध्या कामाची गर्दी आहे.

राग धरू नकोस.

तुझा भाऊ

२८ जून

चि. भाऊस आशीर्वाद.

चिमी सोमवारी गेली. अंगात प्रतिकाराची ताकदच उरली नव्हती, ताप उतरला नाही. मामा का येत नाही, असं विचारायची. कामात आहे, असं सांगून मी तुझी बाजू राखली.

तिला हा आजार कशाने झाला, हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, तेव्हा मीही सांगणार नाही. तुला काहीच ठाऊक नव्हतं, असं म्हणाला असतास तर तेही मानलं असतं. पण ऑक्टोबरात तू स्वतःच्या घरातला पंप बंद केलास, आणि त्यानंतरही दर महिन्याला माझ्या स्वयंपाकघरात तो मारत राहिलास. तुझ्या मनात शंका आली होती. ती तू मला सांगितली नाहीस.

बायकोला जप, तिचे दिवस भरत आले असतील. बाळ झालं की कळव. आम्ही येणार नाही.

ताई